पडद्यामागून पाहिलेला काउबॉय

गाडीच्या बॉनेटला थोपटणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. चँडलरमधलं आमचं अपार्टमेंट, ऑक्टोबरची टळटळीत दुपार, आणि खाली पार्किंगमध्ये एक उंच म्हातारा. डोक्यावर पांढरी टोपी, लांब शर्ट, लेंगा आणि पायात भलेमोठे स्पोर्ट्स शूज. शेजारच्या सुनीलच्या गाडीपुढे उभा राहून तो बॉनेटवर हात फिरवत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. मी बाल्कनीतून बघत होते. म्हटलं, झालं बाप्पा, ॲरिझोनाच्या उन्हानं आणखी एकाचं डोकं फिरलं!

खाली जाऊन विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. अगदी पुरतं. मग म्हणाले, "हरवलं काही न्हाई. दमलीय ती. टुसानपास्नं पळत आलीय. थंड होऊ दे जरा, मग पाणी बघू. आणि काका नको, मामा म्हण. मला जगात तेवढं एकच नातं येतं."

ही दोन हजार तीनची गोष्ट. मी नागपूरची. नवरा आणि सुनील एकाच कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप्स बनवायचे, आणि मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याला नोकरी आणि मला ओटा. शिकलेलं सगळं पेटीत बंद. हातात होते फक्त लायसन्स, जुनी गाडी आणि न संपणारा वेळ. सुनीलची आई वारली तेव्हा मिरजेच्या घरात तिचे भाऊ, म्हणजे हे मामा, एकटे उरले, म्हणून सुनीलनं त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. तो आणि त्याची बायको मेधा दिवसभर ऑफिसात. तेव्हा मामा आपोआप माझ्या वाट्याला आले. ते मला नावानं हाक मारत नसत. "काय नागपूर, निघायचं का?" असं दाराशी येऊन विचारत. मी चिडायची. मग चिडायचं सोडून दिलं, कारण एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मामा एसटीत कंडक्टर होते. उभ्यानं नोकरी केलेली, त्यामुळे बसणं त्यांना फारसं जमत नसे. कुणाच्या घरी गेलं तरी दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहायचे आणि बघायचे. बघणं हा त्यांचा खरा उद्योग. कॉस्टकोत मी टोमॅटोचे खोके उचलत असताना ते एखाद्या थकलेल्या कॅशियर बाईकडे बघत असत, आणि आमचा नंबर आला की हळूच तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवत. "आधी घोड्याला पाणी," म्हणत. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ड्रायव्हरचा चहा झाल्याशिवाय त्यांनी कधी घंटी मारली नव्हती म्हणे. घरी पोचल्यावर सुनील धाडकन दार लावून आत निघाला की मागून हाक यायची, "सुन्या, आधी घोडा!" आणि तो चाळिशीला टेकलेला इंजिनियर मुकाट्यानं मागे फिरून गाडी सावलीत लावायचा.

त्यांच्या बोलण्यात क्ले नावाचा माणूस सारखा यायचा. "क्ले असता तर असा ओरडला नसता." "क्लेला कधी घाई न्हाई." "क्ले आधी बघायचा, मग करायचा." मला वाटलं, असेल मिरजेच्या मिशन कंपाउंडातला एखादा ख्रिश्चन ड्रायव्हर. बरेच दिवस मी त्या ड्रायव्हरबद्दल आदर बाळगून होते. शेवटी एकदा न राहवून विचारलं, "मामा, हा क्ले रिटायर झाला का?"

मामा इतके हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले. "अगं, क्ले हार्डिगन! घोड्यावरचा! मुक्या पिक्चरमधला!"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

मामांचे वडील जत्रांमधून फिरणाऱ्या सिनेमाच्या तंबूत गोष्ट सांगायचं काम करत. पिक्चर मुके. मध्येमध्ये पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, ती गावात कोण वाचणार? म्हणून पडद्याच्या कडेला एक माणूस उभा राहून सगळं मराठीत सांगे. कोण आला, का आला, आता काय होणार. घोडे पळायला लागले की पेटीवाला आणि तबलजी जोर धरायचे आणि मामांच्या वडिलांचा आवाज त्याही वर चढायचा. मामांची आई धाकट्या शालनच्या, म्हणजे सुनीलच्या आईच्या, जन्माच्या वेळी गेलेली. त्यामुळे दोन्ही पोरं वडिलांबरोबर गावोगाव. मामा मोठे, आठ-नऊ वर्षांचे, आणि शालन मांडीवर.

क्लेचे पिक्चर तंबूत बरेच यायचे, पण मामांचा जीव एकात अडकलेला. त्यात क्ले दरोडेखोर असतो. बँक लुटायला एका वाळवंटी गावात येतो. तिथल्या शाळेत मास्तरीण असते. क्ले तिला बघतो आणि ओळखतो, ही तर आपली लहानपणी ताटातूट झालेली बहीण! तिला तो काहीच सांगत नाही. लूट सोडतो, आपल्याच टोळीशी लढतो, जळत्या गावातून तिला उचलून बाहेर आणतो. शेवटी बंदूक खुंटीला टांगतो आणि तिच्या दारात राहतो. आणि तिथं मामांचे वडील म्हणायचे, "भाऊ दारात हाय, बाई. आता भ्यायचं न्हाई."

हे वाक्य मामांनी आमच्या किचनमध्ये म्हटलं तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आवाज मोठा केला नव्हता त्यांनी. पण मला तो तंबू दिसला.

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय? ऐन शेवटाला नेमका दिवा तापायचा. अंधार! बाबा ओरडायचे, दिवा तापलाय, बसून घ्या! दिवा पेटेपर्यंत पिक्चर खलास. दरवेळी, बघ. लई खराब मशीन हुतं ते."

मी तेव्हा मान डोलावली. मला तरी काय कळणार होतं?

क्ले म्हणजे मामांच्या लेखी नट नव्हताच. तो कसं वागायचं याचा नमुना होता, आणि तो नमुना मी एकदा डोळ्यांनी चालताना पाहिला. आमच्या पार्किंगमध्ये एक आडदांड गृहस्थ पिकअप घेऊन आला आणि सुनीलनं आपली जागा घेतली म्हणून बोंबलायला लागला. जागा सुनीलचीच होती. पण बोलण्याची गाडी जागेवरून निघून आमच्या रंगावर गेली, आमच्या देशावर गेली, तुम्ही लोक जिथून आलात तिथे परत जा इथवर आली. युद्धाचे दिवस होते. अशा वेळी मान खाली घालून घरात जायचं, हे आम्ही सगळ्यांनी एकमेकांशी न बोलता ठरवून टाकलं होतं. सुनील किल्ली घेऊन गाडी काढायला वळलाच होता.

मामा जिना उतरून आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. नुसतं त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. रागानं नाही हं! वाचत असल्यासारखे. तो आणखी ओरडला, मग जरा कमी ओरडला, मग त्याला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात मामांची नजर त्याच्या पिकअपच्या नाकाडाकडे गेली. तिथून वाफ येत होती. ते शांतपणे वर गेले, पाण्याचा कॅन घेऊन आले, त्या माणसाच्या पायाशी ठेवला आणि बॉनेटला थोपटत म्हणाले, "फर्स्ट, वॉटर टु हॉर्स."

तो माणूस कॅनकडे बघत राहिला. मामा वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन सुनीलच्या दारात होता, धुतलेला आणि पुन्हा भरलेला. मी त्या दिवसापासून मामांची चेष्टा करायची बंद केली. म्हणजे जरा कमी केली.

जानेवारीत मामांनी घोड्यावर बसायचा हट्ट धरला. ऐंशीच्या घरातला माणूस! सुनील नको नको म्हणत होता, पण मी गुपचूप घेऊन गेले. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक रँच होतं, तिथे पर्यटकांना घोड्यावर फिरवत. वाटेत मोठमोठे सग्वारो निवडुंग हात वर करून उभे. मामांनी खिडकीतून ते पाहिले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "आलो," म्हणाले. "हे सगळं माझ्या बघण्यातलं हाय, नागपूर. फक्त रंग नव्हता."

रँचवाल्यानं म्हातारीशी गरीब घोडी आणली. मामा तिच्या उजवीकडे जाऊन उभे राहिले. घोडी बाजूला सरकली. मामाही सरकले. घोडी पुन्हा फिरली. असे दोघांचे फेर सुरू झाले. रँचवाला मला म्हणाला, त्यांना सांगा, घोड्यावर डावीकडून चढतात, सगळे घोडे तसेच शिकवलेले असतात. मी सांगितलं.

"छट्! क्ले उजवीकडूनच चढायचा. ह्या घोडीला चुकीचं शिकवलंय."

क्लेचं नाव ऐकताच रँचवाल्याचे डोळे चमकले. "क्ले हार्डिगन?" त्यानं आम्हाला आत नेलं. ऑफिसच्या भिंतीवर भलंथोरलं जुनं पोस्टर होतं. क्ले घोड्यावर चढतोय. डावीकडून. आणि बंदूक उजव्या कमरेला.

मामा पोस्टरसमोर खूप वेळ उभे राहिले. आधी म्हणाले, "उलटं छापलंय." मग अगदी हळू म्हणाले, "उलटं न्हाई. मीच उलट्या बाजूला हुतो."

तंबूत पडद्यावर पाणी मारत, म्हणजे कापडातून मागच्या बाजूलाही चित्र दिसे. पैसेवाले पुढे बसत, आणि मागे फुकटे. हमालांची पोरं, भांडी घासणाऱ्या बाया, आणि गोष्ट सांगणाऱ्याची ही दोन मुलं. मामांनी क्लेला कायम मागूनच पाहिलं होतं. त्यांचा क्ले डावखुरा होता. त्याच्यासारखं व्हावं म्हणून या माणसानं उभी नोकरी डाव्या हातानं तिकिटाला चिमटा मारला होता! मला हसावं की रडावं कळेना. मामा मात्र खुशीत होते. "आता पुढनं बघायला पायजे एकदा," म्हणाले आणि डावीकडून घोडीवर चढले. काय बसले होते! पाठ ताठ, लगाम सैल. रँचवाल्यानं आपली हॅट काढून हातात घेतली.

त्यानंच सांगितलं की दोन तासांवरच्या एका जुन्या खाणीच्या गावात डोरोथी नावाच्या बाईंचं थिएटर आहे, आणि त्या दर मार्चमध्ये क्लेचा एक पिक्चर लावतात. यंदाचा कोणता, विचारलं. त्यानं गोष्ट सांगितली नाही, नुसतं म्हणाला, तो शाळेतल्या मास्तरणीचा.

घरी आल्यावर मामा घोडा, म्हणजे गाडी, सावलीत लावायला सांगायचंही विसरले.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही तिकिटं काढायला म्हणून गेलो. मी, मामा आणि सुनील. गाव एका उतारावर, अर्धी दुकानं बंद. थिएटरच्या व्हरांड्यातच छोटंसं म्युझियम होतं. काचेच्या कपाटात क्लेची हॅट, बूट, एक खोगिराचा तुकडा. मामा त्या हॅटपुढे टोपी काढून उभे राहिले. कोण कुणापुढे टोपी काढतंय, असं एरवी मी म्हटलं असतं.

डोरोथीबाई मामांपेक्षा थोड्याच लहान असतील. त्यांनी विचारलं, इतक्या लांबच्या देशातल्या माणसाला या क्लेमध्ये असं काय दिसलं? सुनीलनं ते मराठीत विचारलं.

मामा विचार करून म्हणाले, "मारामारी काय, सगळेच करतात. हा आधी समोरच्याकडं पुरतं बघतो. आणि पडद्यावरनं बघायला लागला की वाटायचं, ह्यानं मला बघितलं. एवढ्या गर्दीत, मागं बसलेल्या मला."

सुनीलनं भाषांतर केलं. डोरोथीबाईंनी मामांचा हात धरला. त्यांचे वडील त्या खाणीत कामाला होते, आणि महिन्यातून एकदा हातपाय धुऊन इथं येऊन बसत. ते अगदी हेच म्हणायचे, असं त्या म्हणाल्या. मग मामा पुन्हा हॅटकडे वळले, आणि बाई कौतुकानं सुनीलला पिक्चरबद्दल सांगायला लागल्या. दरोडेखोर आणि मास्तरीण यांचं प्रेम कसं फुलतं, आणि शेवटचं ते टेकडीवरचं चुंबन, त्या काळात त्यावर केवढा गहजब झाला होता...

सुनीलचा चेहरा पांढरा पडला. मी मामांकडे पाहिलं. ते काचेला नाक लावून उभे होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

त्या आठवड्यात सुनील माझ्या किचनमध्ये येऊन बसला. "शोला जाणं कॅन्सल करू, यार. सांगू, प्रिंट खराब झाली म्हणून."

"काहून? चुंबन पाहून मरणार आहेत का ते?"

"तुला माहीत नाही," तो म्हणाला. आणि मग त्यानं सांगितलं. मामांचं लग्न ठरलं होतं. मिरजेच्या दवाखान्यातली नर्स होती, कुमुद नावाची. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. तारीख निघाली, आणि त्याच महिन्यात सुनीलचे वडील गेले. शालन तान्ह्या सुनीलला घेऊन भावाच्या दारात आली. कुमुदच्या घरच्यांनी विचारलं, बहीण आणि तिचं पोर कायमचं राहणार का? मामा म्हणाले, राहणार. लग्न मोडलं. शालन रडून रडून म्हणत होती, दादा, मी जाते कुठंतरी. तेव्हा मामा तिला म्हणाले होते, "क्लेनं काय केलं? आं? लहानपणापासनं ऐकतीयेस की. भाऊ दारात हाय, बाई. आता भ्यायचं न्हाई."

"आई मला हे शंभरदा सांगायची," सुनील म्हणाला. "त्याचं सगळं आयुष्य त्या गोष्टीवर उभं आहे. आणि ती गोष्टच खोटी निघाली! ती बहीण नव्हतीच. कुणासाठी राहिला तो बिनलग्नाचा? माझ्यासाठी? एका बनावट गोष्टीसाठी? ऐंशीव्या वर्षी हे त्याला मी दाखवू?"

मी फक्त एवढंच म्हटलं की न्यायचं नसेल तर तू तसं त्यांच्या डोळ्यांत बघून सांग. ते काही सुनीलला जमलं नाही. कुणालाच जमलं नसतं.

मार्चमधला तो शनिवार. दोन खेळ होते, एक दुपारी आणि एक संध्याकाळी. आम्ही दुपारच्याला गेलो. आसपासच्या रँचेसवरची म्हातारी माणसं आपल्या ठेवणीतल्या हॅट घालून आली होती. मामांनी इस्त्रीची टोपी घातली होती, आणि ते पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसले. "पुढनं," मला म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

खरं सांगते, मी मनातून वैतागले होते. बिनआवाजाचा काळापांढरा पिक्चर, तोही घोड्यांचा. एक बाई पियानो वाजवायला बसली, दिवे गेले, आणि धुळीतून एक माणूस चालत आला. थांबला. हॅट जरा मागे सारली आणि बघितलं. त्याबरोबर माझ्या मागच्या रांगांमधल्या सगळ्या हॅट उतरल्या. आणि मलाही ते झालं! तो देखणा नव्हता. लांबट तोंड, थकलेले डोळे. पण त्यानं मला बघितलं. कधीच मरून गेलेला माणूस, आणि मला वाटलं, ह्याला माहीत आहे की माझी डिग्री पेटीत आहे आणि मी दुपारी सिंकपाशी उभी राहून रडते. ज्या गोष्टीसाठी मामा जन्मभर वेडे होते ती मला त्या एका मिनिटात कळली.

शेजारी मामांचे ओठ हलत होते. वडिलांचे शब्द. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी वाक्यं यायची तेव्हा ते थांबायचे, अक्षरं लावून वाचायचे आणि पुन्हा आपलं पुटपुटायला लागायचे. मग मास्तरीण आली. क्लेनं तिच्याकडे पाहिलं. पुढची पाटी आली, आणि त्यात लिहिलं होतं ते कुठला भाऊ बहिणीला म्हणत नाही. मामांचे ओठ थांबले. ते पुन्हा हललेच नाहीत. गाव जळलं, क्लेनं तिला उचललं, बंदूक खुंटीला टांगली. दोघं टेकडीवर गेले. आता दिवा तापायला हवा होता. पण दिवा तापला नाही. पियानोवालीनं हळुवार काहीतरी वाजवलं, आणि क्लेनं तिला जवळ घेऊन चुंबन घेतलं. चांगलं लांबलचक.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत होते. सुनीलनं मामांच्या खांद्यावर हात ठेवला, "मामा, चल, बाहेर बसू."

बाहेर फुटपाथवर बाकडं होतं. मामा चक्क बसले. सुनील पायरीवर, मी उभी. मग सुनीललाच राहवलं नाही. "मला माहीत होतं, मामा. आधी सांगायला हवं होतं. आजोबांनी तुला खोटंच..."

"थांब की जरा," मामा म्हणाले. "एक सांग. गोष्ट सांगणारा माणूस कुणाकडं तोंड करून सांगंल?"

"लोकांकडे."

"पैसेवाल्या लोकांकडं. पुढं. बाबा अख्खा पिक्चर पुढंच तोंड करून सांगायचे. आणि शेवटच्या रिळाला वळून मागं यायचे. रोज. मला वाटायचं, फुकट्यांनाबी जरा गोष्ट मिळावी म्हणून येत असतील. मागं कोण हुतं, सुन्या? हमालांची पोरं झोपलेली असायची तवर. मागं मी हुतो. मांडीवर तुझी आई."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत मामा थांबले.

"बाबांना खोकला हुता. रक्त पडायचं, ते आम्हाला दिसू देत न्हवते. पुढच्या वर्षी गेलेच ते. त्यांना ठाऊक हुतं रे. पोराला समोर बसवून कसं सांगायचं, मी मरणार हाय, हिला सांभाळ? न्हाई सांगता येत. मग त्यांनी क्लेला सांगायला लावलं." मामांचा आवाज फाटला. "दिवा तापत न्हवता रे, बाबाच इझवायला लावायचे. पिक्चर बदलला माझ्या बापानं! तंबूभर माणसांदेखत, मालकाची नोकरी करत, रोज माझ्याशी बोलत हुते, आणि मला आज कळलं."

सुनील ढसाढसा रडायला लागला. "आणि तुझं लग्न? कुमुदमावशी? तू फसलास, मामा. आमच्यापायी फसलास."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, तसंच पुरतं. "फसलो न्हाई, सुन्या. मला सोपवलं हुतं. बापानं काम सोपवलं आणि मी केलं. कुमुद गेली त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. ते खोटं कशाला बोलू? पण तुझी आई सुखानं गेली का न्हाई? माझ्या हातात हात देऊन? मग झालं तर." आणि भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी दुसरीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

डोरोथीबाई पाणी घेऊन आल्या. काय झालं म्हणून विचारलं. सुनीलनं नाक पुसत, तुटकतुटक सगळं सांगितलं, तंबू, पाणी मारलेला पडदा, गोष्ट सांगणारे आजोबा. बाई ऐकत राहिल्या. मग मामांना म्हणाल्या, संध्याकाळच्या खेळाला तुम्ही सांगाल का? तुमच्या भाषेत?

"इथं कुणाला कळणार?" मी मध्येच बोलले.

"तिथं तरी इंग्रजी कुणाला कळत हुतं?" मामा म्हणाले आणि उठले.

पुढच्याच महिन्यात मामा मिरजेला परतले आणि दिवाळीच्या आधी गेले. आजारपण नाही, काही नाही. मला मात्र ते आठवतात ते त्या संध्याकाळचेच, पडद्याच्या कडेला उभे, प्रोजेक्टरचा उजेड अर्ध्या टोपीवर.

काय सांगितलं त्यांनी! ऐंशीचा आवाज तो, पण घोडे पळायला लागले आणि त्या आवाजाला पाय फुटले. पियानोवाली आधी बिचकली, मग तिनं त्यांचा ठेका पकडला. हॅटवाली म्हातारी माणसं मराठीत ऐकत होती आणि योग्य जागी हसत होती, योग्य जागी श्वास धरत होती. बहीण बहीणच राहिली. बापाचा एक शब्द त्यांनी बदलला नाही. बंदूक खुंटीला लागली, आणि मामा म्हणाले, "भाऊ दारात हाय, बाई. आता भ्यायचं न्हाई." सुनीलनं माझा हात घट्ट धरला.

पिक्चर तिथं संपत नव्हता. पडद्यावर दोघं टेकडी चढायला लागले. बापाचे शब्द संपले होते. मामा गप्प झाले. पियानोही थांबला. मामांनी वर क्लेकडे पाहिलं, आणि जरा वेळानं, अगदी घरातल्या आवाजात बोलायला लागले.

"शालन तिच्या घरी सुखात हाय. पोरगं शिकलं, मोठं झालं. क्ले, लेका, काम झालं तुझं. आता ही टेकडीवर आलीय ती दुसरी. नर्स हाय, मिरजेची. लई वाट बघितली तिनं." आणि दोन्ही हात उंच करून खड्या आवाजात म्हणाले, "शुभमंगल सावधान!"

माझ्या हातात पॉपकॉर्नचा पुडा होता. मी उठले आणि मूठभर पडद्यावर फेकले. सुनीलनं फेकले. क्लेनं तिला जवळ घेतलं, आणि मागून, काही न कळता, सगळं कळून, त्या म्हाताऱ्या काउबॉयांनी पॉपकॉर्न उधळायला सुरुवात केली. डोरोथीबाईंनी तर अख्खा डबा रिकामा केला. मामांच्या टोपीवर, खांद्यावर अक्षता पडत होत्या आणि ते हात जोडून उभे होते, रडत आणि हसत.

दिवे लागले. लोक हॅट उचलून निघायला लागले. मामांनी हात आडवा केला.

"बसा सगळे," म्हणाले. "लग्नघर हाय हे. जेवल्याशिवाय कुणी जायचं न्हाई."

सुनीलनं ते इंग्रजीत सांगितलं. त्यावर एकही माणूस उठला नाही.